डोंगर झिजतात कसे व माती होते कशी

संस्कृत भाषेत डोंगरास ‘अचल’ असे एक नाव आहे. जो चळत नाही तो अचल. आपल्या नगराच्या उत्तरेस ज्या डोंगरांत औरंगाबादची लेणी कोरलेली आहेत, त्या डोंगरांकडे पाहिले असता हे नाव यथार्थ आहे, असेच कोणासही वाटेल. आपल्या आजोबांनी हे डोंगर जसे पाहिले तसेच ते आपण पाहतो, आणि आपली नातवंडेही ते बहुधा तसेच पाहतील. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. राज्ये आली व गेली. परंतु डोंगर होते तेथेच आहेत.

असे असूनही भूगर्भशास्त्राचे म्हणणे असे आहे की, पृथ्वीच्या पाठीवर अचल असे काहीच नाही. प्रत्येक डोंगर कणाकणाने झिजत आहे. त्याचे कण खाली येत आहेत, ओढ्यांतून नदीत व नदीतून समुद्रात जात आहेत. आणि वाटेत जेथे जेथे त्यांना विसावा मिळतो तेथे तेथे त्यांची जमीन बनत आहे. फोडणे, वाहून नेणे व साठविणे ही तीन कामे निसर्ग अहोरात्र करीत असतो. ही कामे आपल्या जिल्ह्यात कशी चालली आहेत, हे आम्ही या लेखात विद्यार्थ्यांस सांगण्याचे योजिले आहे. पालकांनीही तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण हा विषय केवळ भूगोलाच्या परीक्षेपुरता नाही. ज्या मातीवर आपली ज्वारी, बाजरी व कापूस उभा आहे, त्या मातीच्या जन्माचा व मरणाचा हा प्रश्न आहे.

आपला खडक कोठून आला?

झीज समजण्यापूर्वी जे झिजते ते काय आहे, हे पाहिले पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या दख्खनच्या भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तापलेला, वितळलेला रस बाहेर आला. उंच शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीतून राख उडावी, तसा हा प्रकार मुख्यत्वेकरून नव्हता. काकवी परातीत पसरावी त्याप्रमाणे हा रस सपाटीवर दूरवर पसरला व थिजला. काही काळाने पुन्हा रस आला, तो पहिल्या थरावर पसरला. असे थरावर थर बसत गेले. आज या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापिलेला आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ज्याची उंची १६४६ मीटर आहे, तेही याच थरांचे बनलेले आहे. आणि आपल्या घराच्या जोत्याचा काळा दगडही त्यांतलाच.

या खडकास शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, व त्याच्या थरांस ‘ट्रॅप’ असे नाव आहे. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. दौलताबादहून खुलताबादेकडे जाताना किंवा म्हैसमाळच्या वाटेवर डोंगरांच्या बाजू नीट पाहाव्या, म्हणजे हे नाव का पडले ते कळून येईल. उभा कडा, मग थोडी उतरती सपाटी, पुन्हा उभा कडा, पुन्हा सपाटी, अशा पायऱ्या दुरूनही दिसतात.

या पायऱ्या कोणी केल्या? त्याचे उत्तर थरांच्या स्वभावात आहे. रसाच्या प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे कोंडले गेले व थिजल्यावर तेथे पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली द्रव्ये साचून पांढरी, हिरवट, गुलाबी अशी स्फटिके तयार झाली. अशा ठिपकेदार खडकास आपल्याकडील विहिरी खोदणारे लोक ‘मांजऱ्या’ म्हणतात. थराचा मधला भाग मात्र एकजीव व कठीण असतो; तो काळा पाषाण. कित्येक ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. मांजऱ्या व तांबडा पट्टा लवकर झिजतात, काळा पाषाण उशिरा झिजतो. मऊ भाग मागे हटला की वरचा कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो. पायऱ्यांचे रहस्य ते हेच.

पहिले कामगार : ऊन, हवा, पाणी व मुळे

एवढा कठीण पाषाण फुटतो तरी कसा? त्यावर सुरुंग लावणारे कोणी नसते. त्याचे काम अगदी सौम्य दिसणारे कामगार करतात.

त्यांतील पहिला कामगार ऊन. वैशाखात आपल्याकडे हवेचे उष्णमान ४० अंशांच्या वर जाते, व उघड्या खडकाची पाठ तर त्याहूनही अधिक तापते. तापलेला पदार्थ फुगतो व निवाला की आकसतो. दिवसा तापणे, रात्री निवणे, व एखाद्या वळवाच्या सरीने तापलेला दगड एकाएकी भिजणे, असे वर्षानुवर्षे झाले म्हणजे खडकातील सूक्ष्म भेगा रुंदावतात.

दुसरा कामगार पाणी. परंतु येथे आम्ही वाहत्या पाण्याविषयी बोलत नाही, मुरणाऱ्या पाण्याविषयी बोलत आहो. पावसाचे पाणी हवेतून येताना व मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात घेते. त्यामुळे ते किंचित आम्ल होते. हे आम्ल इतके सौम्य असते की आपण ते पितो व आपणांस कळतही नाही. परंतु हजारो वर्षे ते खडकाच्या भेगांत झिरपत राहिले म्हणजे खडकाची द्रव्येच पालटून टाकते. खडकातील लोह गंजते; म्हणून फुटक्या दगडाच्या कडा तांबूस पिवळ्या दिसतात. काही खनिजांची चिकणमाती होते. रस्त्यासाठी जेथे डोंगर नुकताच कापलेला असतो, तेथे हा प्रकार उत्तम पाहावयास मिळतो. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक वेष्टने असलेले गोल धोंडे तेथे दिसतात. बोटाने ओढले असता बाहेरचे पापुद्रे सुटून येतात व आत कठीण काळा गाभा मिळतो. भेगांच्या चौकटीत सापडलेला चौकोनी ठोकळा कोपऱ्यांकडून अधिक झिजतो, म्हणून तो गोल होतो. हे पापुद्रे आणखी झिजले की त्यांचा मुरूम होतो, व मुरमाची पुढे माती होते.

तिसरा कामगार वनस्पती. पिंपळाचे बी पाखराच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडते. केसासारखे मूळ आत शिरते. मूळ जाड होते आणि फट रुंदावते. जुन्या वाड्यांच्या व दरवाज्यांच्या भिंती पिंपळाने फोडलेल्या आपल्या नगरात कोणी पाहिल्या नसतील? जे चिरेबंदी भिंतीचे होते तेच डोंगराच्या कड्याचे होते.

या कामास विदारण म्हणतात. विदारणाने केवळ नाशच होतो असे मात्र कोणी समजू नये. भेगाळलेल्या खडकात व मुरमातच भूजल साठते. आपल्या विहिरींस पाणी लागते ते त्यामुळेच. मलिक अंबराने डोंगरातले पाणी नहरीने नगरात आणिले. परंतु त्याच्याही पूर्वी त्या पाण्यास डोंगराच्या पोटात राहावयास जागा या विदारणानेच करून ठेविली होती. खडक जर सर्वस्वी अभंग असता, तर या प्रदेशात ना विहीर झाली असती, ना शेत.

वाहते पाणी

फुटलेले कण जागीच राहिले असते तर डोंगर आपल्याच चुऱ्याखाली झाकला गेला असता. तो चुरा हलविण्याचे काम मुख्यतः वाहत्या पाण्याचे आहे. आपल्या नगरात वर्षास सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हा आकडा लहान वाटेल. परंतु हिशेब करून पाहा. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला तर त्या पाण्याचे वजन शंभर टनांहून अधिक भरते. ७०० मिलिमीटर म्हणजे साडेसत्तावीस इंच. तेव्हा वर्षभरात एका एकरावर २८०० टनांहून अधिक पाणी आकाशातून आदळते. प्रत्येक थेंब ही लहानशी हातोडी आहे असे मानिले, तर या हातोड्यांच्या कामाची कल्पना येईल.

पुढे हे पाणी उताराने धावू लागते. येथे एक नियम विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते पूर्वीपेक्षा दुप्पट वजनाचा नव्हे, तर सुमारे ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकते. म्हणूनच उन्हाळ्यात ज्या ओढ्यातून पोरे पाय न भिजविता पलीकडे जातात, तोच ओढा श्रावणातल्या एका रात्री माणूसभर धोंडे लोटून नेतो. नदीच्या कामाचा मोठा वाटा वर्षातल्या मोजक्या पुरांच्या दिवसांत उरकलेला असतो.

आपल्या जिल्ह्यास निसर्गाने या अभ्यासासाठी एक उत्तम जागा दिली आहे. उत्तरेकडे अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावर पडलेल्या पावसाच्या वाटा दोन होतात. दक्षिण उतारावरचा थेंब शिवना, खाम, दुधना, पूर्णा अशा नद्यांतून गोदावरीस मिळतो, व पुढे पूर्वेच्या बंगालच्या उपसागरात जातो. उत्तर उतारावरचा थेंब खानदेशात उतरून तापीस मिळतो व पश्चिमेच्या अरबी समुद्रात जातो. दोन थेंबांत पडताना हातभर अंतर असेल; पण शेवटी त्यांच्यामध्ये सारा हिंदुस्थान आडवा पडतो. आता दक्षिणेकडील उतार लांब व मंद आहे. उत्तरेकडील उतार आखूड व तीव्र आहे. तीव्र उतारावर पाण्याचा वेग अधिक, वेग अधिक म्हणून झीजही अधिक. म्हणून उत्तरेच्या बाजूस कडे, घळी व घाट आहेत, आणि तेथील ओढे मागे मागे सरकत पठाराची कड कुरतडीत आहेत.

अजिंठ्याची लेणी पाहावयास गेलेल्या प्रत्येकाने हे कुरतडण्याचे काम पाहिलेले असते. फक्त बहुतेकांचे लक्ष चित्रांकडे असल्यामुळे ते ध्यानात येत नाही. वाघूर नदी पठारावरून खाली उतरताना तेथे सात टप्प्यांनी कुंडाकुंडांतून उड्या घेते व पुढे घोड्याच्या नालाप्रमाणे मोठे वळण घेते. वळणावर वाहत्या पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर पडतो. पाणी त्या काठाचे पाय पोखरते, वरचा खडक ढासळतो, व काठ उभाच्या उभा राहतो. असा सुमारे ७५ मीटर उंचीचा कडा वाघूरने युगानुयुगे श्रम करून उभा केला. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू तेथे आले तेव्हा भिंत तयारच होती; त्यांनी व त्यांच्या दात्यांच्या शिल्पकारांनी तीत दालने कोरिली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली ती पलीकडच्या काठावरून. आणि तो समोरचा काठही त्याच नदीने घडविलेला आहे.

उरलेले डोंगर व ढासळणारे कडे

पाणी जेथे अधिक खोदते तेथे दरी होते. जेथे कमी खोदते तेथे डोंगर उरतो. तेव्हा आपल्याकडील बहुतेक डोंगर खालून वर आलेले नाहीत. आजूबाजूचे गेले म्हणून ते राहिले आहेत. याचे ठळक उदाहरण देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. सुमारे २०० मीटर उंचीचा हा शंकूसारखा डोंगर सभोवारच्या रांगांपासून सुटा उभा आहे. एके काळी तो त्यांच्याशी जोडलेला होता. मधला खडक पाण्याने नेला व हा तुकडा शिल्लक राहिला. मग मनुष्याने निसर्गाचे काम पुढे चालविले. डोंगराचा खालचा भाग चोहोंकडून तासून त्याची उभी गुळगुळीत भिंत केली, व पायथ्याशी खडकातच खंदक खोदिला. बाराव्या शतकात यादवांची राजधानी होण्याचा व १३२७ मध्ये महंमद तुघलकाच्या मनात भरण्याचा मान या डोंगरास मिळाला, त्याचे अर्धे श्रेय त्याच्या सभोवतीचा खडक वाहून नेणाऱ्या पाण्यास दिले पाहिजे.

झीज नेहमी कणाकणानेच होते असे नाही. कधी कधी ती एका क्षणात होते. अतिवृष्टीने भेगांत पाणी भरते, मातीचे वजन वाढते, मऊ थर निसरडा होतो आणि दरड कोसळते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड–चाळीसगाव घाटात अशाच दरडी कोसळून वाहतूक बंद पडली, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगराची बाजू घसरून आली, व सुमारे दीडशे माणसे दगावली. उतारावरील माती झाडांच्या मुळांनी बांधलेली असते. ती मुळे काढली, पायथा कापला, पाण्याची वाट अडविली, तर डोंगर आपला तोल स्वतःच शोधू लागतो. त्या शोधात खाली कोणाचे घर आहे, हे तो पाहत नाही.

लेणी हे घड्याळ

आता कोणी विचारील की, ही झीज किती वेगाने होते? त्याचे माप कोणी ठेविले आहे काय? सुदैवाने आपल्या जिल्ह्यात असे माप दगडातच कोरून ठेविलेले आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडले. डोंगर वरून खाली खोदीत नेऊन सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असे आवार केले. मागची भिंत १०७ फूट उंच आहे. त्या भिंतींवर छिन्नीचे घाव आजही स्पष्ट दिसतात. सुमारे साडेबाराशे पावसाळे त्यांवरून गेले, तरी कठीण काळ्या पाषाणावरील छिन्नीची रेघ पुरती पुसली गेली नाही. यावरून अभंग पाषाणाची झीज किती मंद आहे ते समजेल.

पण सर्व लेण्यांचे भाग्य असे नाही. कन्नडजवळ सातमाळा डोंगरातील पितळखोऱ्याची लेणी वेरूळच्या कैक शतके आधीची. ती ख्रिस्तपूर्व काळात कोरली गेली. तेथील खडक ठिसूळ व भेगाळलेला आहे. दर्शनी भाग कोसळले, खांब झिजले, आणि ढिगाऱ्याखाली शिल्पे गाडली गेली. तो ढिगारा उपसला तेव्हा त्यातून अनेक सुंदर मूर्ती बाहेर आल्या. त्यांतील एका यक्षाच्या हातावर ती घडविणाऱ्या सोनाराचे नाव, कण्हदास, कोरलेले आहे. प्राचीन शिल्पकारांस पाण्याचा धोका ठाऊक होता, असे दाखविणारी खूणही तेथे आहे. डोंगरातून येणाऱ्या पाण्यास वाट करून देऊन ते दाराशेजारच्या पाच फण्यांच्या नागाच्या फणांतून बाहेर पडावे, अशी योजना त्यांनी केली होती. शत्रूस अडविता येत नसेल तर त्यास वाट नेमून द्यावी, हे शहाणपण त्यांच्यापाशी होते. पुढे शेतीच्या बांधांविषयी बोलताना आपणांस हेच शहाणपण पुन्हा आठवावे लागेल.

गेलेली माती कोठे जाते?

झिजलेले सर्वच लगेच समुद्रास मिळत नाही. उतार कमी झाला की पाण्याचा वेग मंदावतो, व त्याच्या अंगावरचे ओझे तो एकेक करून खाली ठेवितो. प्रथम धोंडे, मग गोटे, मग वाळू, आणि सर्वांत शेवटी बारीक गाळ. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी दगडगोटे, ओढ्याच्या मुखाशी वाळू, व मोठ्या नदीच्या काठी मऊ माती, असा क्रम आपणांस दिसतो. डोंगरउतारावरची जमीन बरड व मुरमाड, मधली मध्यम, आणि गोदावरीकाठची खोल काळी, हा भेद शेतकऱ्यास शाळेत न जाताही ठाऊक असतो. त्याचे कारण हे.

काळी माती म्हणजे आपला तोच काळा पाषाण, हजारो वर्षे कुजून व वाहून आलेला. तीत चिकणमातीचा अंश फार असल्यामुळे ती पाणी धरून ठेविते. म्हणून पाऊस उघडल्यावरही केवळ ओलीवर रब्बीची ज्वारी येते. उन्हाळ्यात ती आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात, वरचा भुगा भेगांत पडतो, व पुढच्या पावसात ती पुन्हा फुगते. जणू ती स्वतःच स्वतःस नांगरते. माती बनविण्यात गांडुळांचाही मोठा हात आहे. चार्ल्स डार्विन याने १८८१ मध्ये गांडुळांवर एक ग्रंथ लिहिला. इंग्लंडातील पुष्कळ ठिकाणी एका एकरातली दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या शरीरातून जाते, असा हिशेब त्यात त्याने मांडला आहे.

प्राचीन प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, गोदावरीच्या अशाच सुपीक काठी वाढले. सातवाहनांचे वैभव ज्या व्यापारावर होते, त्या व्यापाऱ्यांस खाऊ घालणारे धान्य या मातीतून आले. डोंगर झिजले म्हणून नगरे वाढली, असे म्हटले तरी चालेल.

मनुष्याचा हात

येथवर जे सांगितले त्यात शोक करण्यासारखे काही नाही. निसर्ग एका हाताने घेतो व दुसऱ्या हाताने देतो. वरून जितकी माती जाते तितकी खाली खडकापासून नवी बनत असते, आणि हा ताळेबंद युगानुयुगे जुळत आला आहे. स्कॉटलंडचा जेम्स हटन, ज्यास आधुनिक भूगर्भशास्त्राचा जनक मानितात, तो स्वतः काही वर्षे शेती करीत होता. आपल्या शेतातली माती पावसाने जाते, तरी सृष्टीतली माती संपत कशी नाही, या विचारातूनच त्याचे चिंतन सुरू झाले, व १७८८ मध्ये त्याने आपला सिद्धांत प्रसिद्ध केला.

परंतु हा ताळेबंद वेगावर अवलंबून आहे. बोटभर जाडीची माती खडकापासून तयार होण्यास शतके लागतात. तीच बोटभर माती उघड्या, उतारावर सरळ नांगरलेल्या शेतातून काही थोड्या पावसाळ्यांत जाऊ शकते. गवत, झुडपे व झाडे असलेल्या जमिनीवर थेंब पानांवर पडतो, पानांवरून हळू खाली येतो व मुळांच्या वाटेने मुरतो. जमीन उघडी केली की थेंब सरळ मातीवर आदळतो, कण उडवितो, मातीची छिद्रे बुजवितो. मग पाणी मुरत नाही, ते धावू लागते. प्रथम रेघा पडतात, रेघांच्या सऱ्या होतात, सऱ्यांच्या घळी होतात. आणि जाते ती खालची नापीक माती नव्हे, वरची सर्वांत कसदार माती जाते. चोर घरात शिरला तर भांडीकुंडी सोडून दागिने नेतो, तसा हा प्रकार आहे.

वाऱ्यानेही हीच चोरी होते. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदाने नांगरून टाकल्यावर अवर्षण आले, आणि उघडी माती वाऱ्याबरोबर आकाशात उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीचे असे वादळ आले की भरदिवसा काळोख झाला. हजारो कुटुंबे शेती सोडून देशोधडीस लागली. त्याच वर्षी त्या देशाने मृदसंधारणाचा कायदा केला. तो देश संपन्न होता; त्यास इतर ठिकाणी सरकावयास जागा होती. आपल्यास ती सवड नाही.

मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. ज्यांच्या घरी वडील माणसे आहेत त्यांनी त्यांस त्या वर्षाविषयी अवश्य विचारावे. खडी फोडून, नालाबांध व पाझर तलावांवर माती वाहून लोकांनी ते वर्ष काढले. पाऊस न पडणे हे आपल्या हाती नव्हते. परंतु पडलेले पाणी व त्याबरोबर जाणारी माती अडविणे आपल्या हाती आहे, हा धडा त्या वर्षाने दिला.

जाणारी माती शेतातून गेली म्हणजे संपले असेही नाही. पैठणजवळ जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या त्या बांधामागे गोदावरीचा वेग थांबतो, व वेग थांबला की, वर सांगितल्याप्रमाणे, ती आपला गाळ खाली ठेविते. नाथसागरात बसणारा प्रत्येक घमेलेभर गाळ तितक्याच पाण्याची जागा खातो. म्हणजे एकच माती दोन नुकसाने करते : शेतात नाही म्हणून पीक उणे, आणि धरणात आहे म्हणून पाणी उणे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर शेतकरी हा गाळ गाड्या भरून शेतात नेतात, व २०१७ पासून सरकारनेही ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने त्यास उत्तेजन दिले आहे. हे चांगलेच आहे. तरीपण गेलेली माती खर्च करून परत आणण्यापेक्षा ती जाऊच न देणे केव्हाही स्वस्त.

उपाय नवे नाहीत. उतारास आडवी नांगरट करावी. बांध घालावे व बांधांवर गवत राखावे. डोंगरउतारावर समपातळीत चर खोदून त्यांच्या काठी झाडे लावावी. ओढ्यास जागोजाग लहान बांध घालून त्याचा वेग मोडावा. म्हणजे धावणारे पाणी चालू लागेल, चालणारे थांबेल व थांबलेले मुरेल. आणि काम नेहमी माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यावे. कारण खालचा बांध वरच्या सर्व पाण्याचा जोर एकटा सोसू शकत नाही. जालना जिल्ह्यातील कडवंची गावी १९९६ च्या सुमारास भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली गावकऱ्यांनी याच क्रमाने काम केले. पुढे दुष्काळाच्या वर्षांतही तेथील शेततळ्यांवर द्राक्षबागा टिकल्या. १९८१ पर्यंत जालना आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. तोच खडक, तोच पाऊस. भेद पडला तो माणसांच्या कामाने.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे असे

पुस्तकात वाचलेले डोळ्यांनी पाहिल्यावाचून पक्के होत नाही. म्हणून तीन साधे प्रयोग सुचवितो. पहिला : पहिल्या मोठ्या पावसानंतर जवळच्या ओढ्याचे गढूळ पाणी वडील माणसाकडून काचेच्या बरणीत भरून आणवावे, पुराच्या काठी स्वतः जाऊ नये. बरणी रात्रभर न हलविता ठेवावी, व सकाळी तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजावी. वाळू खाली व चिखल वर, असा क्रमही दिसेल. दुसरा : दोन पसरट डब्यांत सारखी माती भरून एकात गवताचे ढेकूळ बसवावे व दुसरा उघडा ठेवावा. दोन्ही सारखे तिरपे धरून झारीने सारखेच पाणी घालावे, आणि खाली येणारे पाणी वेगवेगळ्या पेल्यांत धरावे. कोणत्या पेल्यातले पाणी अधिक गढूळ आहे ते पाहून कारण लिहावे. तिसरा : ज्यांचे शेत आहे त्यांनी बांधाच्या वरच्या व खालच्या बाजूची मातीची पातळी पाहून, बांधाने किती माती धरून ठेविली आहे याचा अदमास करावा व तो वडिलांस सांगावा.

डोंगर झिजावयाचेच. त्यांस थांबविणे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे, आणि थांबविण्याचे कारणही नाही. त्यांच्या झिजण्यानेच आपली जमीन झाली. झीज किती सावकाश व्हावी आणि झिजलेले कोठे थांबावे, एवढेच आपणांस थोडेफार ठरविता येते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. थेंबाथेंबाने शेतही उणे होते, हा तिचा दुसरा अर्धा भाग होय. येत्या मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हा ओढ्याच्या पाण्याचा रंग प्रत्येकाने पाहावा. ते पाणी जितके काळे, तितकी कोणाच्या तरी शेतातली भाकरी त्यातून वाहून चालली आहे, असे समजावे.